शब्द कुणाचा?

साल १९७६. फेब्रुवारी सरत आला होता आणि नगरला दुपारी पत्रे तापायला लागले होते. मिशन कंपाउंडमधल्या बंगल्याच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो आणि पाऊण तास एकाच शब्दावर अडलो होतो.

"अमात्य," टोकेकर सर म्हणाले. "राजाच्या दरबारात अमात्य असतात. कारभारी असतात ते सोसायटीत."

"आमच्या वस्तीवरच्या बायका विचारतील, अमात्य म्हणजे काय म्हणून," पाळकसाहेब म्हणाले.

"विचारू देत की. शास्त्र आहे. चार शब्द विचारावे लागले तर काय बिघडलं?"

"शास्त्र आहे म्हणूनच विचारावे लागू नयेत."

"मग मला इथं कशाला बसवलंय? पेठेत मला अर्धा किरिस्ताव म्हणतात, आणि तुम्ही इथं पुरता भट ठरवता!"

पाळकसाहेब हसले. मीही हसले. लोखंडे मात्र हसले नाहीत. ते आमच्या कचेरीचे चिटणीस. 'बोलणे कमी, काम जास्त' असा सरकारी बोर्ड त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवर ठोकला होता. टोकेकर सरांनी एकदा त्यांना विचारलं होतं, "लोखंडे, बोर्ड लावलात, आता भिंतीला कानही लावून घेता का?" त्यावर लोखंडे पांढरे पडले होते.

पाळकसाहेब म्हणजे रेव्हरंड दावीदराव भांबळ. अडुसष्ट वर्षांचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन बिघडलेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, नवं मराठी भाषांतर त्यांच्याकडे होतं. मूळ त्यांना जवळजवळ पाठ होतं. ते बोलायचे, मी वहीत लिहून घ्यायची. मग त्यावरून टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायची. टोकेकर सर, भाषा तपासायला बोलावलेले पेठेतले निवृत्त शिक्षक, पहिली प्रत मोठ्यानं वाचायचे आणि पाळकसाहेब डोळे मिटून ऐकायचे. मग सायक्लोस्टाइलवर चाळीस प्रती निघायच्या आणि खेडोपाडीच्या आमच्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, जायच्या. तिथं लोक वाचायचे आणि काय कळलं, काय नाही ते कळवायचे.

त्या महिन्यात एका संदेष्ट्याचं पुस्तक चाललं होतं. राजाला जे ऐकायचं नाही तेच बोलणारा माणूस. शहर पडणार, म्हणून चौकाचौकात सांगायचा. राजाची माणसं त्याला आधी पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडतात, मग चिखलाच्या विहिरीत सोडतात.

कचेरीत मी वैरागरबाई होते. माहेरचं नाव. मुलाखतीच्या वेळी लोखंड्यांनी विचारलं होतं, "यजमान?" मी म्हणाले होते, "इंदूरला आहेत. गिरणीत." खरं तर माझे यजमान, मनोहर आल्हाट, नाशिकच्या तुरुंगात होते. विडी कामगारांत काम करायचे. पंचाहत्तरच्या जुलैमध्ये, आणीबाणी लागल्यावर, पोलीस घरातून घेऊन गेले. जाताना फक्त चप्पल घालायला वेळ दिला. अनु तेव्हा तीन वर्षांची होती. घरमालकानं आठव्या दिवशी खोली रिकामी करायला सांगितलं. माझी एक लांबची मावशी कंपाउंडमध्ये नर्स होती, तिच्या ओळखीनं ही नोकरी मिळाली आणि नोकरीबरोबर राहायला एक खोली. मावशी एवढंच म्हणाली होती, "तोंड शिवून ठेव. परदेशातून मदत येते इथं, सरकारची आधीच वाकडी नजर आहे. कळलं तर त्याच दिवशी बाहेर काढतील. आणि तुलाही उचललं तर पोरीला कोण बघणार?"

तोंड शिवून मी सात महिने काढले. नाशिकहून येणारं पत्र मावशीच्या पत्त्यावर यायचं, त्यावर 'तपासले' असा शिक्का असायचा. दुपारच्या सुट्टीत बाकीचे जेवायला गेले की मी मशीनवर मनोहरच्या सुटकेचे अर्ज टाइप करायची. कलेक्टरांना, गृहखात्याला, मंत्र्यांना. उत्तर कधी आलं नाही. पण अर्ज करायचं थांबले तर आपण त्यांना सोडून दिलं असं होईल, असं वाटायचं.

सायकलवरून जाणारा माणूस कंपाउंडच्या फाटकाशी थांबून विडी पेटवायला लागला तरी माझी बोटं मशीनवर थांबायची. अनुला मी बजावलं होतं, "बाबा कुठंयत विचारलं तर काय सांगायचं?" ती म्हणायची, "इंदूल." एकदा शेजारच्या बाईंनी सहज विचारलं तर ती म्हणाली, "इंदूल. पण कुणाला सांगायचं नाही." त्या रात्री मला झोप आली नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, जेवणानंतर, फौजदार घार्गे आले. साध्या कपड्यांत होते. दारातच चपला काढल्या, सगळ्यांना नमस्कार केला, पाणी मागून प्यायले. हातात एक गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा होता. तो त्यांनी टेबलावर उलगडला तेव्हा मी ओळखला. आमचीच प्रत. दुसऱ्या पानावर लाल पेन्सिलीची रेघ.

"तुमचं शास्त्र वाचलं," ते म्हणाले. "सबंध नाही, एवढंच पान. नेवाशाकडच्या एका गावात रविवारी देवळात हे वाचत होते म्हणे. वाचता वाचता वाचणारा थांबला. मागून एक म्हातारी म्हणाली, 'म्हंजी आपल्या गुरुजीवानी व्हय रं?' त्या गावचा शाळामास्तर जुलैपासून आत आहे. मग सगळं देऊळ रडायला लागलं. देवळात रडायला आमची हरकत नाही. पण वाक्य ऐका." त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. "'तेव्हा राजाच्या कारभाऱ्यांनी संदेष्ट्याला स्थानबद्ध केले, कारण त्याच्या बोलण्याने लोकांचा धीर खचत होता.' हा राजा कोण?"

"अडीच हजार वर्षांपूर्वी मेला तो," टोकेकर सर म्हणाले.

"मग अडीच हजार वर्षांपूर्वी हा शब्द कुठून आला, सर? हा आमच्या हुकमावरचा शब्द आहे. कलेक्टरसाहेब रोज त्याच्याखाली सही करतात."

टोकेकर सरांनी तपकिरीची डबी काढली. "शब्द संस्कृत आहे. स्थान म्हणजे जागा, बद्ध म्हणजे बांधलेला. सप्तमी तत्पुरुष. यात सरकारचं काही नाही."

"समास मला शाळेत होता," घार्गे शांतपणे म्हणाले. "शब्द कसा झाला ते विचारत नाही. तो इथं कुणी घातला ते विचारतोय."

लोखंडे उभे राहिले. "साहेब, आमच्याकडे तसलं कोणी नाही. आमचा बोर्ड बघा ना."

"बोर्ड बघितला," घार्गे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "टाइप तुम्ही करता? यजमान काय करतात, बाई?"

"इंदूरला असतात. गिरणीत."

"कुठल्या गिरणीत?"

माझ्या डोक्यात एकही नाव येईना. इंदूरला किती गिरण्या आहेत, कुठल्या आहेत, मला काही ठाऊक नव्हतं. "कापडाच्या," मी म्हणाले.

घार्ग्यांच्या चेहऱ्यावर बारीकसं हसू आलं. त्या हसण्याची मला आजही भीती वाटते.

"बायकांना नवऱ्याची गिरणी कुठं ठाऊक असते!" टोकेकर सर घाईघाईनं म्हणाले. "आमचीला विचारा मी कुठल्या शाळेत होतो ते. 'ती मारुतीपलीकडची,' म्हणेल. तीस वर्षं डबा दिला तिनं."

तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "रत्ना, कपाटातलं ते बासन काढ."

कपाटात निळ्या कापडात बांधलेली एक जुनी पोथी होती. आमच्यातल्याच कुणा पहिल्या पिढीतल्या माणसानं बोरूनं लिहिलेलं, अर्धवट राहिलेलं भाषांतर. नाव नाही, शेवटची पानं नाहीत. पाळकसाहेबांनी मला ती जागा काढायला सांगितली आणि मी मोडीतून बाळबोधीत उतरवलेल्या चिठ्ठीवरून वाचलं. संदेष्ट्याला 'हुजऱ्यांनी धरून गडावर बेडी घालून ठेविला', असं तिथं होतं.

"आता ऐका, फौजदारसाहेब," पाळकसाहेब म्हणाले. "मुळात गड नाही. बेडीही नाही, निदान या जागी नाही. मग आली कुठून? लिहिणाऱ्यानं लहानपणी पेशवाई बुडताना पाहिली असणार. त्याच्या डोळ्यांपुढं कैद म्हणजे गड आणि राजाचा माणूस म्हणजे हुजऱ्या. त्यानं मुद्दाम काही केलं नाही. भाषांतर करणारा आपल्या काळाच्या बाहेरून शब्द आणणार कुठून? जो काळ त्याच्या कानात असतो तोच हातून उतरतो."

मला वाटलं, सुटलो. इतकं सरळ, इतकं खरं होतं ते. टोकेकर सरही मान डोलवायला लागले होते.

घार्ग्यांनी पोथी नीट मिटून बाजूला ठेवली. "म्हणजे पाळकसाहेब, तुमच्याच तोंडानं तुम्ही सांगताय की हा आजचा काळ आहे. त्या पुस्तकातला राजा म्हणजे आजचा राजा, आणि ते कारभारी म्हणजे आम्ही."

टोकेकर सरांच्या चिमटीतली तपकीर धोतरावर सांडली.

"मूळ वही असेल ना?" घार्गे म्हणाले. "पाळकसाहेबांनी काय सांगितलं आणि कुणी काय लिहिलं, ते त्यात असेल. आणा, बाई."

मी कपाटाकडे गेले. वही काढली. माझंच अक्षर. पान सापडायला वेळ लागला नाही. 'तेव्हा राजाच्या कारभाऱ्यांनी संदेष्ट्याला कोंडून ठेवले, कारण...'

कोंडून ठेवले.

मी पुन्हा वाचलं. खाडाखोड नव्हती, समासात काही लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी 'कोंडून ठेवले' सांगितलं होतं आणि मी तेच लिहिलं होतं. मग स्टेन्सिलवर दुसरं कसं आलं? आणि मग मला तो दिवस आठवला. त्या दुपारी सुट्टीत मी अर्ज टाइप केला होता. 'माझे पती श्री. मनोहर आल्हाट यांना दिनांक अमुक रोजी स्थानबद्ध करण्यात आले असून...' सात महिन्यांत हेच वाक्य मी किती वेळा टाइप केलं असेल! अर्ज पिशवीत घातला, स्टेन्सिल चढवलं, वही पुढ्यात ठेवली. डोळ्यांनी 'कोंडून' वाचलं आणि बोटांनी आपलं रोजचं काम केलं.

वही त्यांच्या हातात गेली की पुढचा प्रश्न मलाच. मग नाव, मग नवरा, मग इंदूर. माझ्या डोळ्यांपुढं अनु आली. बालवाडीच्या पायरीवर, सगळी मुलं गेल्यावर एकटी बसलेली.

"आणा ना," घार्गे म्हणाले.

"वहीत तो शब्द सापडणार नाही," पाळकसाहेबांचा आवाज आला. "मी आधी वेगळं सांगितलं होतं. टाइप करून घेताना तोंडी बदलला. शब्द माझा आहे."

घार्ग्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. पाळकसाहेबांना दिसत नव्हतं की कोण कुठं पाहतंय; ते समोर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मग घार्गे माझ्याकडे वळले.

"बाई, बदलला का? तुमच्यासमोर?"

मला वाटतं मी फार वेळ घेतला. टोकेकर सर नंतर म्हणाले की अजिबात नाही, मी लगेच बोलले.

"होय," मी म्हणाले. "साहेबांनीच बदलला."

घार्ग्यांनी सगळ्या प्रती, स्टेन्सिलं आणि ती वही जप्त करून घेतली. पाळकसाहेबांना म्हणाले, "चौकशीला यावं लागेल." पाळकसाहेबांनी कोट मागितला. मी तो त्यांच्या हातात दिला, तर बाही सापडेना त्यांना, मी धरली. जाताना ते दारात थांबले. "टोकेकर, तुमचं अमात्य घालून टाका. फार वेळ घेतला आपण त्याच्यावर."

टोकेकर सरांनी तोंडाला उपरणं लावलं आणि ते खिडकीकडे वळले.

लोखंड्यांनी संध्याकाळपर्यंत भाषांतर कमिटीला तार केली. त्या तारेत काय होतं ते मी टाइप केलं नाही, पण नंतर कळलं. 'सदर मजकुराशी कचेरीचा संबंध नाही.'

चार दिवस ठेवलं साहेबांना. त्या चार दिवसांत मी अनुचे दोन फ्रॉक आणि एक टॉवेल पिशवीत भरून ती दाराशी ठेवली होती. जीपचा आवाज आला की पिशवीकडे हात जायचा. आज येतील, उद्या येतील. ते मला न्यायला येतील याची भीती होती, आणि येत नाहीत याचीही शरम वाटत होती. दोन्ही एकाच वेळी. हे मी कुणालाही नीट सांगू शकलेले नाही.

पाचव्या दिवशी साहेब सुटून आले. मी त्यांच्या घरी गेले. बाजेवर बसले होते, दाढी वाढलेली. मी पायाशी बसले आणि म्हणाले, "साहेब, तो शब्द माझा होता."

"ठाऊक आहे."

"वही न बघता?"

"टोकेकर वाचत होते तेव्हाच ऐकला. मी 'कोंडून ठेवले' सांगितलं होतं, म्हातारा झालो तरी एवढं आठवतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात? तेव्हा खोडला असता तर..."

त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. मग म्हणाले, "दोन कारणं. एक तर शब्द बरोबर होता. मी महिनाभर चाचपडत होतो. कोंडतात गुरांनाही. या माणसाला गुन्हा न सांगता, कागद काढून, एका जागी ठेवलं होतं. त्याला नेमका शब्द तुला सापडला होता, आणि तुला कळलंही नव्हतं. मला वाटलं, लोकांना ऐकू दे."

"आणि दुसरं?"

"तू इंदूर म्हणतेस तेव्हा तुझा आवाज लहान होतो. पण त्या शब्दापर्यंत खात्री नव्हती मला; आणि झाल्यावर लोखंड्यांपुढं तो तुझा म्हणून खोडायचा कसा? लोक काय म्हणतात, रत्ना? धरून नेलं म्हणतात. उचललं म्हणतात. आत टाकलं म्हणतात. स्थानबद्ध केलं असं दोघंच लिहितात. हुकूम काढणारा आणि अर्ज करणारी." ते थांबले. "हुकूम काढणारी तर तू नव्हेस."

मी रडले. मग साहेब म्हणाले, "किती वर्षांची आहे ग मुलगी?"

नंतरचं थोडक्यात सांगते. कमिटीनं साहेबांना 'प्रकृतीच्या कारणास्तव' मोकळं केलं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये व्हायचं होतं ते पुढं गेलं. झालं तेव्हा उपयोग नव्हता. लोखंडे भाषांतराचं काम संपेपर्यंत चिटणीस राहिले आणि मग मुलाकडे पुण्याला गेले. सत्त्याहत्तरच्या एप्रिलमध्ये, सरकार बदलल्यावर, त्यांनी तो बोर्ड स्वतःच काढला. भिंतीवर चार खिळे राहिले. घार्गे बढती मिळून बदलून गेले. त्यांना सगळं कळलं होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. नवऱ्याची चौकशी करायची तर त्यांना एक फोन पुरला असता. तो त्यांनी का केला नाही, हे विचारायला मी कधी गेले नाही.

टोकेकर सर साहेबांच्या जागी बसायला तयार झाले नाहीत. "मी समास सोडवतो, शास्त्र नाही," म्हणाले आणि घरी गेले. पण दर गुरुवारी ते पाळकसाहेबांकडे जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, आणि प्रत्येक बातमीतली मराठी दुरुस्त करत वाचायचे. साहेब एक्याऐंशी साली गेले. त्या वेळी सर कबरस्तानात शेवटपर्यंत उभे होते, सोवळ्यातली बायको घरी काय म्हणेल याची पर्वा न करता.

मनोहर सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत सुटले. अनुनं त्यांना ओळखलं नाही, तिनं विचारलं, "तुम्ही इंदूलहून आलात?" आठवड्यानं मी त्यांना पाळकसाहेबांच्या घरी भेटायला घेऊन गेले. मी चहा घेऊन मागं उभी होते.

"साहेब, तुम्हीही चार दिवस आत होता म्हणे," मनोहर म्हणाले. "मला भाषणासाठी नेलं. तुम्हाला कशासाठी?"

"शुद्धलेखनासाठी," साहेब म्हणाले.

मनोहर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुरुंगातून आल्यावर पहिल्यांदाच हसत होते. साहेबही हसले. मी कप खाली ठेवले आणि आत गेले. त्या हसण्यात काय होतं ते मी मनोहरना सांगितलं नाही. ते वारले तोवरही नाही, आणि त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

भाषांतर पुढं छापून निघालं. त्या जागी 'कैदेत ठेवले' असं आहे. वाचायला काही अडत नाही. शेवटच्या पानावर बारीक टाइपात काम करणाऱ्यांची नावं दिली आहेत. रेव्हरंड दावीदराव भांबळ हे नाव त्यांत नाही. माझं आहे. टंकलेखन : श्रीमती र. वैरागर.